भास्कररावांच्या दोन मृत्युतिथी

१

जर्मनीत, बाड हॉम्बुर्गमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळचे साडेपाच वाजले की कुलवृत्तांत सुरू व्हायचा. नीलिमा ऑफिसातून आली की चहा टाकायची. तिचे सासरे पद्माकर कागदांची पिशवी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचे. मग ते वाचायचे आणि ती लॅपटॉपवर टाइप करायची. अमुक यांचे पुत्र तमुक, जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्ये, मृत्यू. घराण्यातली साडेचारशे माणसं, सगळी एकाच साच्यातली. पापड लाटायला बसल्यासारखं काम होतं ते, आणि नीलिमाला तसंच काम हवं होतं.

कुलवृत्तांत म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्यांच्या घरात एखादा निवृत्त माणूस आहे त्यांना सांगायला नको. पद्माकर पुण्यात पोस्टातून निवृत्त झाले आणि पूर्वजांच्या मागे लागले. सून आणि नात यांना भेटायला तीन महिन्यांच्या व्हिसावर आले, तेही एका बॅगेत भडंग-लोणची आणि दुसऱ्या बॅगेत पूर्वज घेऊन. दिवाळीत पुस्तक छापायला जायचं होतं. एकच पान अडलं होतं, आणि ते कुणाचं हे दोघांनाही ठाऊक होतं.

ते श्रीरंगचं. नीलिमाचा नवरा, पद्माकरांचा एकुलता एक मुलगा. २००३ च्या ऑगस्टमध्ये तो ऑफिसच्या लोकांबरोबर कील बंदरातून नॉर्वेला जाणाऱ्या बोटीत चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणाऱ्यांत नव्हता. केबिनमध्ये बूट होते, चष्मा होता. बस, एवढंच. चार वर्षं झाली. नीलिमा रडली नाही असं नाही. खूप रडली, पण ते रडणं एके दिवशी आटलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सहा वाजून दहा मिनिटांनी, खालच्या दाराची बेल वाजली. एकदाच, आखूड. नीलिमा उठून पॅसेजमधल्या इंटरकॉमच्या फोनपाशी गेली. "हालो? बिट्टे?" तिने विचारलं, कोण आहे? कुणीच बोललं नाही. ती परत येऊन बसली.

पद्माकर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एश्बॉर्नच्या ऑफिसातून श्रीरंग याच वेळेला यायचा आणि किल्ली खिशात असूनही बेल वाजवायचा. "पुढे घे," पद्माकर म्हणाले. "भास्करराव."

२

भास्करराव म्हणजे पद्माकरांच्या आजोबांचे आजोबा, आणि पद्माकरांच्या मते घराण्यातला एकमेव मनोरंजक माणूस. कंपनी सरकारच्या काळात वेंगुर्ल्याच्या बंदरावर जकातीचा नाकेदार होता. गलबत लागलं की हा पागोटं सावरत धक्क्यावर हजर. उतरणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न: नाव काय, आलास कुठून, आणलंस काय. सख्खा मेहुणा उतरला तरी तेच तीन प्रश्न. म्हातारे वडील दत्ताजी एकदा मालवणहून आले, तर त्यांनाही सोडलं नाही. दत्ताजींनी छत्री उगारली म्हणे.

"आणि घरीसुद्धा," पद्माकर हसत म्हणाले. "त्याची बायको यमुनाबाई माहेराहून आली की उंबऱ्यात उभी करून विचारायचा. काय आणलंस? ती फणसाची पिशवी त्याच्या पायावर टाकायची."

चौदा वर्षं नोकरी केली आणि मग त्याने ती सोडली. रोज दुसऱ्यांचा माल बघून कंटाळला असेल. स्वतःच काथ्या आणि नारळाचा व्यापार मांडला. मस्कतला जायचा, खजूर घेऊन यायचा. चारपाच फेऱ्या बऱ्या झाल्या. मग एका दिवाळीनंतर गेला तो आलाच नाही. ना पत्र, ना निरोप, ना गलबताचा पत्ता.

आपल्याकडे अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. मग दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, अग्नी द्यायचा, आणि मग बायकोने कुंकू पुसायचं. पण भास्कररावांची मुलगी लग्नाला आली होती. वराकडचे लोक विचारायला लागले, बाप आहे की नाही ते एकदा ठरवा, कन्यादान कोण करणार? तेव्हा घरच्यांनी नवव्या वर्षीच उरकलं. जाळण्याआधी समुद्राकडे तोंड करून तीन हाका मारल्या, की बाबा रे, असशील तर ये.

"मृत्यू, शके सतराशे शहाण्णव, माघ वद्य चतुर्थी," पद्माकरांनी सांगितलं आणि नीलिमाने टाइप केलं. तिने एंटर दाबलं तसे ते म्हणाले, "थांब. खाली अजून एक तारीख घाल."

"एकाच माणसाला दोन तारखा कशा हो, बाबा?"

"पुढच्याच चैत्रातली. ते नंतर सांगतो," ते म्हणाले आणि चहाचा कप पुढे सरकवला. "गार झालाय गं. गरम कर."

३

नीलिमाला पुण्याला परत जायचं होतं. नऊ वर्षांच्या उर्जाला घेऊन आईवडिलांजवळ राहायचं, शाळा बदलायची, घर सोडायचं. पण प्रत्येक फॉर्मच्या तळाशी दोन सह्यांच्या जागा. मुलीच्या पासपोर्टवर दोन, शाळेच्या दाखल्यावर दोन, भाड्याच्या करारावर दोन. दुसरी सही कुणाची? खिडकीपलीकडची बाई दर वेळी शांतपणे सांगायची की तुमचे पती बेपत्ता आहेत, मृत नाहीत. बाईचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

शेवटी नीलिमाने कोर्टात अर्ज केला. नवऱ्याला मृत घोषित करा, असा. सही करताना हात थरथरेल असं तिला वाटलं होतं, पण कुठचं काय. सही अगदी छान आली.

कोर्टाची रीत अशी, की आधी नोटीस लागते. ती फलकावर लावतात, पेपरात छापतात. पद्माकरांना तिने ती वाचून दाखवली. श्रीरंगचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शेवटचा पत्ता. खाली: सदर बेपत्ता इसमाने १६ ऑक्टोबर २००७ पर्यंत हजर होऊन कळवावे, अन्यथा त्यास मृत घोषित केले जाईल.

"बुडालेल्या माणसालाच नोटीस?" पद्माकरांना हसूच आलं, आणि मग ते अर्धवट राहिलं. "आपण दर्भाचा माणूस करतो, हे कागदाचा करतात. आणि हाकही मारतात की." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लागली कधी ही?"

तिने तारीख बघितली. ज्या मंगळवारी बेल वाजली, तोच मंगळवार.

४

बेल रोज वाजायला लागली. सहा दहा, एकदाच, आखूड. नीलिमा विज्ञान शिकलेली बाई, एका मोठ्या औषध कंपनीत चाचण्यांचे अहवाल तपासायची. तिने हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, बटण पुसलं, गेनाऊ, अगदी बरोबर, आता सगळं ठीक आहे म्हणाला आणि गेला. संध्याकाळी सहा दहाला बेल वाजली.

शेजारची पोरं खोड्या काढत असतील. पेपर टाकणारा चुकीचं बटण दाबत असेल. एकदा ती पावणेसहापासून बाल्कनीत उभी राहिली, खाली बघत. दार मात्र छपराखाली होतं, तिथलं काही दिसत नव्हतं. रस्त्यावरून कुणी आत वळलं नाही आणि बेल वाजली.

पाचव्या का सहाव्या दिवशी फोनमधून आवाज आला. "मी," एवढंच. कुणाचाही असू शकेल असा आवाज. सर्दी झालेल्या माणसाचा म्हणा. नीलिमाने फोन जागेवर ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि भाताला पाणी जास्त झालंय का ते बघितलं. भीती कुठे वाटतेय का, म्हणून तिने स्वतःला चाचपून बघितलं. नव्हती वाटत. तेच तिला विचित्र वाटलं.

"वेअर वार दास?" उर्जाने वहीतून मान वर न काढता विचारलं. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच.

"कुणी नाही. चुकून वाजली."

"पापा," उर्जा म्हणाली. गणिताचं उत्तर सांगावं तसं. मग जर्मनमध्येच तिने विचारलं, की रोज वाजवतो तर तू दार का नाही उघडत? बाहेर गार आहे.

त्या रात्री नीलिमाने पोरीला आपल्या खोलीत झोपवलं.

५

"ते राहिलेलं सांगा, बाबा," महिनाभराने तिने विचारलं. १६ तारखेला दोनच दिवस उरले होते. पद्माकर टाळाटाळ करत होते हे तिला दिसत होतं. रोज दुसऱ्याच शाखेची माणसं काढून बसायचे.

त्यांनी पिशवीतून एक जुनाट कागद काढला. यमुनाबाईने म्हातारपणी मुलाला सांगून लिहून घेतलेला.

पुतळा जाळला त्याच्या अकराव्या दिवशी, दिवेलागणीला, अंगणाच्या पायरीवर कुणी तरी उभं राहिलं. म्हणालं, मी. यमुनाबाई दाराआड होती. तिने नाव विचारलं. बरोबर सांगितलं. आलात कुठून? मस्कतहून, म्हणालं. काय आणलंत? त्याला उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. यमुनाबाई म्हणते, चौदा वर्षं ज्याने अवघ्या बंदराला हा प्रश्न विचारला, त्याला याचं उत्तर देता येऊ नये? म्हणून मी कडी काढली नाही. तो रोज येई. चाळीस दिवस आला.

"मग?"

"मग दत्ताजींना राहवलं नाही. भास्कररावांचे वडील. ताटलीत भात घेऊन पायरी उतरले." पद्माकरांनी कागदाची घडी घातली. "त्यानंतर कुणी आलं नाही. ती ही चैत्रातली तारीख. संपलं इथे."

नीलिमाने लॅपटॉपवर दत्ताजींचं पान उघडलं. जन्म होता, विवाह होता. मृत्यूपुढे पद्माकरांनी तिला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं: माहीत नाही.

"तुला काय वाटतं, नीलिमा? मला विचारशील तर तो जिवंतच होता," पद्माकर एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "कैद झाली असेल, आजारी असेल, काय वाट्टेल ते झालं असेल. नागवला गेलेला माणूस काय आणणार गं? रिकाम्या हाताने घरी आला, तर घरच्यांनी आधीच जाळून टाकलेला. मग उघडतील कशाला? जिवंत माणसाला चाळीस दिवस बाहेर ठेवलं आपल्या लोकांनी. लाज वाटते मला!"

त्यांचे डोळे भरून आले होते. ते भास्कररावांविषयी बोलत नव्हते, हे न कळायला नीलिमा काही कुक्कुलं बाळ नव्हती.

"बाबा, श्रीरंग असता तर त्याच्याकडे किल्ली आहे. फोन आहे. चार वर्षं फोन नाही का करता येत?"

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच आहे म्हणा."

६

सोळा तारखेला पद्माकर साडेपाचपासूनच पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसले होते. कोट घातलेला, मफलर गळ्यात. नीलिमा म्हणाली, बाबा, आत या. ते म्हणाले, बसू दे गं, इथे काय वाघ खातोय मला?

बेल वाजली. त्यांनीच फोन उचलला.

"नाव काय?" त्यांनी विचारलं. ऐकलं. मान हलवली.

"आलास कुठून?" पुन्हा ऐकलं. "बोटीवरून म्हणतोय," ते नीलिमाला म्हणाले.

"काय आणलंस, बाळा?"

बराच वेळ ते फोन कानाला लावून उभे होते. मग त्यांनी तो जागेवर ठेवला आणि दाराकडे वळले.

"बाबा, नका जाऊ." तिने त्यांची बाही धरली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिने कुणाला तरी असं धरलं होतं.

"अगं, बापाकडे येताना कुणी काही आणावंच लागतं का?" त्यांनी तिचा हात हळूच सोडवला. "आणि तसा तो नसला, तर मीच गेलेला बरा. उर्जा आहे घरात. दार लावून घे."

ते जिना उतरायला लागले. नीलिमाने दार लावलं आणि बाल्कनीकडे धावली. संधिप्रकाश होता अजून. खालच्या दाराचा उघडल्याचा आवाज आला. मग पद्माकर छपराबाहेर दोन पावलं आले आणि मागे वळून छपराखालच्या कुणाशी तरी बोलायला लागले. शब्द कळत नव्हते, पण लहान मुलाला समजावावं तसा सूर होता. त्यांनी गळ्यातला मफलर काढला. तो छपराखालच्या माणसाच्या गळ्यात घालायला हात उचलले. अजून उचलले. मग टाचा उचलून चवड्यांवर उभे राहिले.

श्रीरंग वडिलांपेक्षा चार बोटं बुटका होता.

"बाबा!" नीलिमा ओरडली. त्यांनी वर बघितलं नाही. तिने उर्जाला स्वयंपाकघरात बसवलं, घराला बाहेरून कुलूप घातलं आणि जिना उतरून गेली. खाली कुणी नव्हतं. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता, आणि दिवे नुकतेच लागत होते.

७

पोलीस सभ्य होते. सत्तरीतले गृहस्थ, परकं शहर, वाट चुकले असतील, येतील. त्यांनी फोटो घेतला, नंबर घेतला. सकाळपर्यंत कुणी आलं नाही.

सतरा तारखेला अकरा वाजता कोर्टात तिची वेळ होती. जायचं की नाही असा विचारही तिच्या मनात आला नाही. वेळ होती म्हणून ती गेली. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने फाइल उघडली आणि नियमाप्रमाणे विचारलं, की नोटीस लागल्यापासून बेपत्ता व्यक्तीने कुणाशी काही संपर्क साधला का? तुमच्याशी, नातेवाइकांशी, कोणत्याही मार्गाने?

नीलिमा त्याच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. हो म्हटलं तर श्रीरंग जिवंत. नाही म्हटलं तर मेला, आणि तो तिच्या तोंडून मेला. चार वर्षं खिडक्या-खिडक्यांवर ज्या एका शब्दासाठी ती हेलपाटे घालत होती, तो आता फक्त तिनेच उच्चारायचा राहिला होता.

"नाइन," ती म्हणाली. नाही. आणि दाखवलेल्या जागी सही केली.

संध्याकाळी सहा दहाला बेल वाजली. तिने फोन उचलला.

"नीलिमा, मी गं," पद्माकरांचा आवाज. "उघड. थंडी वाजतेय."

अख्खी रात्र, अख्खा दिवस म्हातारा माणूस बाहेर. "बाबा, कुठे होतात? एकटेच आहात ना?"

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या फ्राऊ केसलरचा आवाज आला, बाजारातून आलेल्या असाव्यात, पिशव्यांची सळसळ ऐकू येत होती. अहो, तुमचे सासरे आले की, त्या आनंदाने जर्मनमध्ये म्हणाल्या. दोघेही कसे चिंब भिजलेत, इश्श, पाऊस तर नाहीये! थांबा, मीच उघडते, माझ्याकडे किल्ली आहे.

खालचं दार उघडलं. मिटलं. जिन्यावर पावलं वाजायला लागली. एक ओळखीचं, गुडघेदुखीमुळे दर पायरीवर थांबणारं. दुसरं जड, आणि एका वेळी दोनदोन पायऱ्या घेणारं.

आता तिला भीती वाटायला हवी होती. तिने वाट बघितली तिची. पण छातीतून काय वर आलं म्हणाल, तर आनंद. उघडा, निर्लज्ज आनंद. लग्नाआधी त्याचं पत्र यायचं तेव्हा व्हायचा तसा. सकाळीच सही करून ज्याला मारून आली, तो जिना चढत होता, आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं. केवढा उंच झाला होता, काय घेऊन आला होता, कुणाला विचारायचंय? ती यमुनाबाई नव्हती. तिच्याच्याने ती कडी लावलेली ठेवली जाणार नव्हती. हे तिला अगदी स्पष्ट कळलं.

पावलं दुसऱ्या मजल्यावर आली.

तिने उर्जाला दंडाला धरून बाथरूममध्ये नेलं. टॉवेल दिला, बसायला स्टूल दिलं. "आतून कडी लाव. आणि नीट ऐक. बाहेरून कुणीही हाक मारली तरी उघडायचं नाही. आजोबांनी मारली तरी नाही. सकाळी फ्राऊ केसलरना खिडकीतून हाक मार, त्यांनाच उघड."

"उंड वेन दू रूफ्स्ट?" उर्जाने विचारलं. आणि तू हाक मारलीस तर?

नीलिमाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मी मारली तर अजिबातच उघडू नकोस," ती म्हणाली. आतली कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत थांबली, आणि मग बाहेरचं दार उघडायला गेली.